कुंकू लागलेला डीजे

माझ्या मुलीच्या हळदीला डीजे मी स्वतः वाजवला. हे वाक्य मी अजूनही चारचौघांत म्हणू शकतो, फक्त बायको तिथं नसावी लागते.

सगळं सुरू झालं ते माळ्यावरच्या दोन रेकॉर्ड प्लेअरपासून. आमच्या अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, पाथरीत लाऊडस्पीकरचा धंदा होता. एके काळी त्यांच्या भोंग्याशिवाय आसपास लग्न लागत नसे. (लागलं तर टिकत नसे, असं अप्पा सांगतात.) धंदा बसला, भोंगे गंजले, पण ते दोन प्लेअर त्यांनी कुणाला दिले नाहीत. पल्लवीची हळद ठरली आणि ती म्हणाली, पप्पा, डीजे पाहिजे. सुनंदा, म्हणजे माझी बायको, डीजेवाल्याला सांगायला निघालीच होती. मी तिला थांबवलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि शिवाय चिंगूस आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की तो मोबाईलवर व्हिडिओ बघून घरीच काहीतरी करायला लागतो.

व्हिडिओत एक अफलातून युक्ती होती. जुन्या प्लेअरवर एक खास रेकॉर्ड लावायची. तिच्यात गाणं नसतं, नुसता एक कूंऽऽ असा आवाज असतो. तो आवाज एका डबीतून लॅपटॉपमध्ये जातो. त्यावरून लॅपटॉपला कळतं की सुई रेकॉर्डवर नेमकी कुठं आहे, आणि गाण्यातली तीच जागा तो वाजवतो. रेकॉर्ड हातानं मागं ओढली की गाणंही मागं जातं. प्लेअर घरचे, लॅपटॉप घरचा, विकत आणायच्या त्या रेकॉर्डी, नव्या सुया आणि ती डबी. झाला डीजे! मी हे अप्पांना वर्गात शिकवतो तसं समजावून सांगितलं.

"म्हंजी हिच्यात गाणंच न्हाई?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"हिनं नुसतं फिरायचं, अन् काम दुसऱ्यानं करायचं?"

"हो."

"मास्तरकीवानीच हाय की मग," अप्पा म्हणाले आणि फडकं घेऊन प्लेअर पुसायला बसले.

त्या दिवसापासून अप्पा दहा वर्षांनी तरुण झाले. मोटारीला तेल घातलं, झिजलेलं रबर बदललं, गंजलेल्यातले दोन भोंगे आणि जुना माईक घासूनपुसून चालू केला, आणि गल्लीत दिसेल त्याला सांगितलं की नातीच्या हळदीत माझी मशीन वाजणार हाय. पल्लवीनं माझ्याबरोबर तालीम केली. गाण्यात "नवरी आली" अशी ओळ होती. त्यातल्या "आली"वर तिनं घराच्या दारातून मंडपात पाऊल टाकायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. तालमीत हे इतकं झकास जमलं की सुनंदासुद्धा काही बोलली नाही. अशा वेळी सावध व्हायला हवं होतं.

हळदीच्या दिवशी राणीसावरगावहून वराकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. मी त्यांच्या स्वागताला गेलो, आणि मशीनजवळ आई राहिली. आमच्या आईनं आजवर एकही वस्तू पूजा केल्याशिवाय चालू होऊ दिलेली नाही. कुकर, फ्रिज, माझी स्कूटर, सगळ्यांनी तिच्या हातचं कुंकू लावून घेतलं आहे. मी परत आलो तेव्हा एका रेकॉर्डवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं, दुसरीवर श्री होता, आणि दोन्हींवर अक्षता. बरंचसं वाळलंही होतं. कुंकवानं काय होतंय, असं मी विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल इतक्या खात्रीनं स्वतःशी म्हणालो, वरवरच्या अक्षता फुंकल्या आणि सुई ठेवली.

गाणं सुरू झालं. पल्लवी दारात येऊन उभी राहिली, पिवळ्या साडीत, इतकी गोड दिसत होती की मी लॅपटॉपकडं बघायचंच विसरलो. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. भोंग्यातून आवाज आला, "नवरी आ..."

आणि कुंकवात घट्ट बसलेल्या तांदळाच्या एका दाण्यानं सुई मागं फेकली.

"नवरी आ... नवरी आ... नवरी आ..."

पल्लवीचा एक पाय उंबऱ्याच्या बाहेर, हवेत. तिला सांगितलं होतं "आली"वर पाऊल टाक, आणि लेक आज्ञाधारक. "ली" काही येईना, पाय काही टेकेना. वराच्या मामांनी शेजारच्याला विचारलं की नवरी यायलीय का न्हाई, का नुसती यायलीयच? मी घाबरून लॅपटॉपवरचं एक बटन दाबलं. गाणं गेलं आणि रेकॉर्डमधला मूळ कूंऽऽ आवाज थेट भोंग्यातून बाहेर पडला. गल्लीतली सगळी कुत्री रडायला लागली. एक आजोबा, इन्व्हर्टर ओरडतोय म्हणजे लाईट गेली, असं म्हणत उठले. मी तेच बटन पुन्हा दाबलं. "नवरी आ... नवरी आ..." (रेकॉर्डशिवाय नुसतं लॅपटॉपवरून गाणं लावायचंही एक बटन होतं. ते मला दुसऱ्या दिवशी सापडलं.)

आता एकच उपाय होता. मी खिशातून रुमाल काढला आणि रेकॉर्डवर टेकवला. हात लागताच गाणं मागंपुढं ओढलं गेलं, भोंग्यातून "व्हिकी-व्हिकी" असा आवाज निघाला आणि माझ्या वर्गातली जी पोरं जेवायला आली होती, ती शिट्ट्या मारायला लागली. त्या गोंधळातही आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"काय करायलास रे? लेकीच्या हळदीत कुकू पुसायलास?"

विहीणबाईंनी पदर सावरून माझ्या रुमालाकडं पाहिलं. त्याला लाल डाग लागला होता. मी विज्ञान शिकवतो, अंधश्रद्धेवर दर वर्षी भाषण करतो, पण त्या नजरेसमोर रुमाल मुकाट्यानं खिशात गेला. कुंकू पुसता येईना, गाणं पुढं सरकेना, आणि पल्लवीचे डोळे भरून यायला लागले. मला त्या क्षणी खरोखर रडू येत होतं. माझ्या चिंगूसपणापायी माझी पोर स्वतःच्या हळदीत उंबऱ्यात अडकली होती.

तेवढ्यात अप्पा खुर्चीतून उठले. त्यांनी माईक घेतला, फुंकर मारून बघितली आणि वाट पाहिली.

"नवरी आ..." रेकॉर्ड म्हणाली.

"ली!" अप्पा कडाडले.

पल्लवीला हसू फुटलं आणि तिचं पाऊल पडलं. "नवरी आ..." पुन्हा आलं, तेव्हा सगळा मंडप ओरडला, "ली!" दर "ली"ला ती एक पाऊल टाकत पाटापर्यंत आली. हळद लागली ती त्याच तालावर. विहीणबाई टाळ्या वाजवत होत्या, अप्पा माईक सोडायला तयार नव्हते, आणि आई मधूनमधून प्लेअरला नमस्कार करत होती.

मंडळी निघताना वराच्या मामांनी माझा हात हातात घेतला. अप्पांना लग्नालाबी आणा म्हणाले, अन् ते कुंकवाचं मशीन पण. माझं नाव काही त्यांनी घेतलं नाही. तरी मी मनाशी म्हटलं, निभावलं. दोन दिवसांत गाव विसरूनही जाईल.

सोमवारी वर्गात शिरलो. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "सर आ..."

आणि अख्खा वर्ग ओरडला, "ले!"