ताईचा अंगठा

आमच्या ताईच्या उजव्या अंगठ्याला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. तिची नोकरी बंदराबाहेरच्या खडकावरचे सील प्राणी मोजण्याची. मुठीत मावेल एवढं यंत्र, सील दिसला की अंगठ्यानं कळ दाबायची. समुद्राची तब्येत म्हणे त्या आकड्यावरून कळते. कुणाच्या लग्नात गेली तरी पाहुणे बघून तिचा रिकामा अंगठा हलतोच. "मोजून झाले की आचाऱ्याला सांगून ये," असं मी चिडवते. पहिल्या मोजणीवर तिचा कधीच विश्वास नसतो. शंका आली की पुन्हा पहिल्यापासून.

यंदा सील एवढे आले की खडक दिसेना. कार्यालयात साहेब खूश, बंदर खूश. मासेही काठाला आलेले, जाळं टाकावं आणि भरून ओढावं. आमच्या दादाची मासेमारीची होडी आहे. त्याला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. ताईचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

"आता काय बिघडलं?" जेवताना दादानं विचारलं.

"त्या सीलांच्या माना बघ. कातडी लोंबतेय. खोल पाण्यात काही जगेनासं झालंय रे. म्हणून मासे इकडे पळालेत, आणि त्यांच्यामागं हे उपाशी सील. काठाला आहे तेवढंच उरलंय. ते तरी राहू दे."

"गेल्या वर्षी सील कमी म्हणून रडलीस, यंदा जास्त म्हणून!"

दादा चिडला खरा, पण ताईचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिलेला नाही. "बरं, काठाला जाळं टाकत नाही. बाहेर जाऊन बघतो. मासे मिळाले तर तुझं ते यंत्र पाण्यात फेकायचं."

"फेकीन," ताई म्हणाली. आपण खोटं ठरावं, असंच तिला मनापासून वाटत होतं.

सकाळी दादा निघाला. त्याच्यामागं आणखी होड्या गेल्या. दुपारी वायरलेसवर त्याचा आवाज आला, "इथं काहीच नाही गं. पाण्याला कसलासा वास येतोय. आणखी थोडं पुढं जाऊन बघतो."

"पुरे झालं! मागं फीर!" ताई ओरडली. पलीकडून नुसती खरखर आली.

संध्याकाळी वारा सुटला. आम्ही दोघी धक्क्यावर उभ्या होतो. एरवी जागेसाठी भांडून कान किटवणारे सील गप्प पडून होते. मला भीती वाटायला लागली. होड्या एकेक करून आत येत होत्या, माणसं रिकाम्या टोपल्या घेऊन मान खाली घालून उतरत होती. ताईचा अंगठा हलत होता.

शेवटची होडी बांधून झाली. तिच्यामागं सगळा समुद्र मोकळा होता.

"ताई, दादा कुठंय?"

अंगठा थांबला होता. मग तिनं पहिल्या होडीकडे तोंड वळवलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.