हेल्मेटमागचा निनाद

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

अल्बनीत कॉलेजची अमेरिकन फुटबॉल मॅच बघायला गेलो होतो. सीझनची दुसरीच मॅच. नव्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्याचे, दोन पास चुकले आणि मी मराठीत सुरू झालो, "याच्यात काही दम नाही. उगाच घेतलाय टीममध्ये." इथे कोणाला कळणार, म्हणून मैदानालगतच्या पहिल्या रांगेतून अगदी मोठ्याने.

मॅच संपल्यावर तो समोर आला. हेल्मेट काढलं, तर आपल्या मंडळात गणपतीला पंगत वाढणारा निनाद.

"सॉरी काका. आय विल प्रॅक्टिस मोर."



माझा मुलगाही इंग्रजीतच उत्तरं देतो. तो शेजारी बसलेला असताना मी पुण्याला फोनवर त्याच्याबद्दल काय काय बोललोय, ते आठवतोय.

तुम्ही मुलांसमोर मराठीत काय काय बोलता?