‘निरंक’ लिहिण्याआधी खाली उतरणाऱ्या सुलभाताई

श्रीमती सुलभाताई चौधरी यांची आणि माझी ओळख एका शब्दावरून झाली आणि त्या ओळखीत मी सपशेल तोंडावर आपटलो. पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात ताईंच्या मोठेपणाबद्दल इतरांनी लिहिलं असेलच. मी माझ्या फजितीपासून सुरुवात करतो, कारण त्यांचा मोठेपणा मला तिथूनच कळला.

मी बुऱ्हाणपूरच्या रस्ते-पुलांच्या कार्यालयात नवाकोरा उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता होतो. ताई आमच्या कार्यपालन यंत्री, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख म्हणून भोपाळहून बदलून आल्या होत्या. त्या सुमारास वरून एक मोठं काम आलं होतं. युद्ध किंवा मोठी आपत्ती आली आणि मुख्य रस्ता बंद पडला, तर अवजड वाहनांचे ताफे कोणत्या आडरस्त्यांनी सुखरूप नेता येतील, याची यादी प्रत्येक जिल्ह्याने द्यायची होती. आमच्या यादीतला एक रस्ता दापोऱ्याजवळच्या नाल्यावरच्या जुन्या पुलावरून जात होता. तक्त्यातला शेवटचा रकाना होता ‘धोका’. मी त्यात ऐटीत लिहिलं, ‘निरंक’.

आमच्या सरकारी कागदांत हा शब्द मिठासारखा सगळीकडे पडतो. रकाना रिकामा सोडला तर वरचे रागावतात; निरंक लिहिलं की कोणी काही विचारत नाही. ताईंनी विचारलं.

“निरंक म्हणजे धोका नाही, की तुम्ही पाहिला नाही?”

“मॅडम, पूल पाहिला ना. मोटरसायकलवरून दोनदा गेलो.”

“वरून गेलात. खाली उतरलात का?”

मी तक्ता परत घ्यायला हात पुढे केला. ताई म्हणाल्या, “चला.” तासाभरात आम्ही नाल्यात होतो. साडीचा काठ खोचून ताई पुढे आणि बूट हातात धरून मी मागे, अशी आमची वरात निघाली होती.

दापोरा हे ताईंचं माहेर. नाल्याला लागूनच त्यांचे थोरले बंधू नामदेवदादा यांची केळीची बाग. बहीण चिखलात काय शोधते आहे हे बघायला ते आले आणि घडाच्या भाराने केळ वाकू नये म्हणून लावतात तो टेकूचा बांबू त्यांनी हसत हसत पुढे केला. “घे सुलू. पुलाले टेकू देऊन राहिली का काय?”

ताईंनी तो बांबू मधल्या खांबाच्या पायाखाली सारला. तो आत गेला, आणखी आत गेला आणि शेवटी फक्त ताईंच्या मुठीएवढा बाहेर राहिला. पायाखालची माती कधीच वाहून गेली होती. नामदेवदादांचं हसू मावळलं. त्या पुलावरून रोज शाळेची बस जात होती आणि मी लिहिलं होतं निरंक.

ताईंनी त्याच दिवशी बसगाड्या आणि ट्रकांना पूल बंद केला. दिवस केळी काढण्याचे होते. तिसऱ्या दिवशी गावची माणसं कार्यालयात आली आणि सगळ्यांच्या पुढे होते नामदेवदादा.

“घड कापून ठेवले हाये, सुलू. गाड्या लांबून फिरल्या तर माल काळा पडते. इतकी वर्षं पूल चालून राहिला, कुछ हुआ क्या?”

“दादा, बांबू तूच दिला होता. किती आत गेला ते सांग या लोकायले.”

“गेला, गेला! पन ऐन मोसमात? घरचंच माणूस असं करते का?”

ते चहा न घेता निघून गेले. त्या वर्षी ताई राखी घेऊन दापोऱ्याला गेल्या, तर दादा मुद्दाम शेतात जाऊन बसले होते. ताई राखी पर्समध्ये तशीच घेऊन परत आल्या. दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी नेहमीसारखंच काम केलं; फक्त डबा उघडला नाही.

इकडे भोपाळहून वरिष्ठांचा फोन आला. जिल्ह्यांच्या कामगिरीच्या नकाशात आमचा जिल्हा पूर्ण हिरवा होता, या एका पुलाचा लाल ठिपका सोडून. “मैडम, एक लाल से पूरा ज़िला ख़राब दिखता है.” ताई शांतपणे म्हणाल्या, “ज़िला नहीं सर, पुल ख़राब है.” त्या वर्षीच्या कौतुकाच्या यादीत आमचं नाव आलं नाही. मला मात्र त्या उत्तराचा आजही अभिमान वाटतो.

माझ्या नोकरीचं काय, या काळजीने मी अर्धा झालो होतो. ताईंचा अहवाल हाती येताच मी त्यात आधी माझं नाव शोधलं. त्यात लिहिलं होतं, ‘पहिल्या पाहणीत आमच्या कार्यालयाने खाली उतरून पाहिले नव्हते.’ माझं नाव कुठेच नव्हतं. चूक माझी होती, ताईंनी ती ‘आमची’ केली. हे मी आजवर चारचौघांत कधी सांगितलं नव्हतं. आज छापून सांगतो आहे, म्हणजे ओझं उतरेल.

पूल पडला नाही. पायाचं काम पक्कं झालं. मग गावात बोलणंही झालं, की काही झालं तर नाही, उगाच एवढा त्रास दिला. मी चिडलो. ताई म्हणाल्या, “काही झालं नाही, हेच तर आपलं काम.” ते कोणाला दिसत नाही आणि त्याचा सत्कारही होत नाही. म्हणून तर मित्रांनो, हा सत्कार.

पूल खुला झाला तेव्हा पहिला ट्रक नामदेवदादांच्या केळीचा होता. त्यांनी तो पुलाच्या अलीकडेच थांबवला. बांबू घेऊन खाली उतरले आणि पायाशी चहूबाजूंनी जोर लावून पाहिला. बांबू कुठेच आत जाईना. वर येऊन, चिखलाचा हात धोतराला पुसत, त्यांनी तो बहिणीपुढे धरला. “आता लिही तुझं निरंक. अन् राखी आनली असशील तर बांध.” राखी पर्समध्येच होती.

ताई आता बुऱ्हाणपुरातच, लोधीपुऱ्यात राहतात. मी स्वतः निवृत्तीला टेकलो आहे. नवे उपयंत्री आले की ताईंचं नाव सांगून त्यांना मी आधी नाल्यात उतरवतो, आणि पाय चिखलाने भरले की ते ज्यांच्या नावाने बोटं मोडतात त्या बाई याच.

ताई, आपल्याला उदंड आयुष्य लाभो आणि डॉक्टरांच्या कागदावर ‘तक्रार’ या रकान्यात दरवर्षी निरंकच येवो. मात्र परवा दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर चढायला आपण टाळाटाळ केलीत, म्हणून अदबीने विचारतो: यंदाचा निरंक वरूनच लिहिलेला नाही ना? चला, मी येतो बरोबर.