सोमवारचं इंग्रजी वाक्य

परुळेकर सर गेल्याचं त्यांच्या बायकोने, आमच्या काकींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी मालवणच्या बाजारात मासे घेत होते. "हे गेले गो..." एवढंच त्या बोलल्या. पिशवी तिथेच ठेवून मी धामापूरची रिक्षा पकडली.

दोडामार्गच्या शाळेत सर आम्हाला इंग्रजी शिकवत. व्याकरण थोडं, इंग्रजी म्हणीच जास्त. फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक नवी म्हण असायची. तिचा पुस्तकी अर्थ त्यांना चालत नसे. घरातला नाहीतर काजूच्या बागेतला एखादा प्रसंग सांगावा लागे, आणि तोही मालवणीत. वर्गात कधी तोंड न उघडणारी मी त्यामुळेच बोलू लागले. आठवडाभर सर शाळेजवळ खोली घेऊन राहत. शनिवारी धामापूरला घरी जात आणि सोमवारी पहिल्या एसटीने परतत. कितीतरी वर्षं हे असंच चाललं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा अडखळू लागली. मी गेले की हौसेने एखादी म्हण सुरू करत, दोन शब्दांवर अडकत, मग डोळे भरून येत. शेवटच्या भेटीतही तसंच झालं... पण मागच्या दारी मासे साफ करणाऱ्या काकींनी तिथूनच उरलेली म्हण पुरी केली. उच्चार अस्सल मालवणी, पण एकही शब्द चुकला नाही. काकी चौथी शिकलेल्या. सर लहान मुलासारखे हसले.

तेरावं उलटून गेल्यावर मी पुन्हा गेले. काकी एकट्याच पडवीत बसल्या होत्या.

"आयकान आयकान माका सगळ्यो म्हणी पाठ आसत गो," त्या म्हणाल्या. "पण अर्थ एकीचोय ठावक नाय. तेंका इचारूक लाज वाटायची. तू सांग." मग त्यांनी एक इंग्रजी वाक्य म्हटलं. "ह्या वाक्य ते दर सोमवारी म्हणायचे. पायात चपला घालताना, माझ्याकडे बघून. माका वाटायचा, शाळेतलो धडो पाठ करतत. मी आपली म्हणायची, निघा आता, गाडी चुकात."

मी अर्थ सांगितला. दूर राहिलं की आपल्या माणसाची ओढ अधिकच वाढते, असं काहीसं.

काकी पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "माका मालवणीत सांगूक काय झाला होता तेंका?"

मग त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं... हळू, एकेक शब्द सुटा करत, पहिल्यांदाच अर्थ कळून.