बिडाची चाकं

आष्ट्यातल्या आमच्या किराणा दुकानात वडिलांनी मला बसवलं, त्याला वीस वर्षं झाली. मला रेल्वेत जायचं होतं. यंदा मी काउंटरवर रूळ मांडून छोटं इंजिन बनवलं, पण ॲल्युमिनियमची चाकं हलकी. जागच्या जागी नुसती गरगरायची. ते बघून माझंच डोकं फिरायचं.

चाकं कातून देणारा लेथवाला म्हणाला, “आवं शेठ, बीड वापरा. वजन पायजे.”

इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून वडिलांची किलोची जुनी बिडाची वजनं पोत्यांमागं गंजत होती. बुडातलं शिसं काढून त्यांचीच चाकं कातून घेतली.

इंजिन अजिबात घसरलं नाही. गल्ल्यापासून निघालं, भिंतीपर्यंत गेलं आणि तिथं अडकलं.

वडील खुर्चीतून म्हणाले, “झालं? आता गिऱ्हाईक बघ.”