निळी बोटं

"एवढी ऐश आहे तुमची, आणि भीक सरकारकडे मागता?"

चौकशीला आलेला साहेब हे बोलला तेव्हा तो मी आणलेल्या खुर्चीवर बसला होता, मी आणलेलं कोल्ड्रिंक पीत होता. आणि मी हसलो. पाहुण्याने जोक मारला की हसतात तसा. खी-खी करून. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

घर माझ्या बहिणीचं, सुमनचं. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला. मेहुणे गेले, मागे सुमन आणि दोन पोरं. बाप नसलेल्या पोरांची शाळा सुटू नये म्हणून सरकारकडून दर महिन्याला मदत मिळते. सुमनने अर्ज केला होता. साहेब घर बघणार, मग ठरणार.

मी बदलापूर शहरात कात्रपला राहणारा, अंबरनाथजवळ मोरिवलीच्या कंपनीत पॅकिंगला असणारा. म्हणजे खानदानातला शहाणा. सुमनने विचारलं, "दादा, साहेब येतायत. काय करू?"

"तू काही करू नको. मी आहे ना!"

इथेच वाट लागली.

आमच्याकडे दारात माणूस आला की त्याला आपली ओढाताण दिसू द्यायची नाही. मयताला आलेल्यालाही आम्ही न फुटलेल्या कपात चहा देतो. मी तर मंडपवाल्याच्या लाल खुर्च्याच आणल्या. शेजारच्या काकूंचा टेबलफॅन. त्यांचीच नवी चादर. टीव्हीही आणणार होतो, वायर पुरली नाही म्हणून राहिला.

कोपऱ्यात जीन्सचे गठ्ठे होते. उल्हासनगरच्या कारखान्यातून येतात. शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचे. मेहुणे गेल्यापासून हे काम भाचीकडे. सातवीतली पोर, शाळा बुडवून. कापडाचा रंग सुटतो, त्यामुळे तिची बोटं कायम निळी. मी गठ्ठे मागे ढकलले, वर ताडपत्री टाकली. पोरीच्या हातात लिंबू दिलं.

"घास बोटं. साहेबापुढे असले हात घेऊन येशील?"

तिने कातडी लाल होईस्तोवर घासली. "मामा, निघतच नाही."

"मग हात मागे ठेव."

जे त्या साहेबाला दिसायला हवं होतं, नेमकं तेवढंच मी झाकलं. हुशार ना!

मदत नाकारली. त्यानंतर सुमनकडे गेलो तेव्हा भाची दारात बसून धागे कापत होती. मला बघून म्हणाली, "मामा, आता हात पुढे ठेवले तर चालेल ना?"

मी सुट्टी टाकून कचेरीत गेलो. खरं ते सगळं सांगितलं. उसन्या खुर्च्या, उसना पंखा. साहेब पोट धरून हसला. बाजूच्या क्लार्कला म्हणाला, "ऐकलं का? आपल्यासाठी डेकोरेशन केलं होतं यांनी!" मग माझ्याकडे वळला. "बघू, येतो परत. पण या टायमाला पोरीला फाटकं काहीतरी घाला. केस विंचरू नका. फोटो वर जातो. गरीब गरिबासारखा दिसायला नको?"

माझं हसू ओठांवर आलंच होतं. सवय. पण पोरीचे ते पाठीमागे धरलेले हात आठवले, आणि ते तिथेच मेलं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "तुमच्यासाठी मी तिला एकदा श्रीमंत केली. आता भिकारी करणार नाही."

"मग बसा घरी."

"घरी नाही. इथेच बसतो."

बसलो. मोठे साहेब येईपर्यंत बाकावरून हललो नाही. त्यांच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं, 'भीक' या शब्दासकट. त्यांनी पुन्हा चौकशी लावली आहे. येणार आहेत म्हणे. कधी, ते ठाऊक नाही.

येतील तेव्हा भाची धुतलेल्या युनिफॉर्ममध्ये असेल. तेल लावून दोन वेण्या. गठ्ठे घराच्या मधोमध. बसायला चटई, प्यायला पाणी. आणि परत कुणी 'भीक' म्हणालं तर मी हसणार नाही. हे पोरीच्या हक्काचं आहे, हे शेजारच्या घरी ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगणार.

तोवर त्यातले थोडे थोडे गठ्ठे मी माझ्या खोलीवर आणतो. ड्यूटीवरून आलो की धागे कापतो. पोर शाळेत जाते. बुडालेली शाळा काही भरून निघत नाही, ते पाप माझंच. आता माझीही बोटं निळी झालीत. कंपनीत लोक विचारतात, कशाने झालं?

सांगतो. लिंबू लावत नाही.