आतोबांची पेशी

जेवणासारखी सोपी गोष्ट इतकी अवघड करून ठेवणारा माणूस उभ्या ग्वाल्हेरात दुसरा झाला नसेल. माझ्या आत्याचे हे यजमान कॉलेजात जीवशास्त्र शिकवत, आणि मी शिकायला त्यांच्याच थाटीपुरच्या घरी राहत असल्यामुळे वर्ग सुटला तरी माझी सुटका नसे. "गिळलंस म्हणजे जेवलास असं समजू नकोस," ते पहिल्याच घासाला बजावत. "खरं जेवण पेशीत चालतं. पोळीची साखर होते, तिला हवेतला ऑक्सिजन भेटतो, तेव्हा कुठे तुझा हात दुसऱ्या पोळीकडे जातो." अन्न आणि हवा बरोबरच आत जायला हवीत, म्हणून ऐन जानेवारीतही खिडक्या सताड उघड्या. आत्या शाल गुंडाळून वाढायची. "अहो, बंद करा न, किती ठंड लागून राहिली आहे!" आतोबा उलट खूश. थंडीत ऊब राखायला शरीराला जास्त जाळावं लागतं, भूक वाढते, असं त्यांचं म्हणणं. पाहुणे मात्र एकदा जेवले की पुन्हा उन्हाळ्यातच उगवत.

नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि निम्मं ग्वाल्हेर बदलीच्या धास्तीत पडलं. आतोबांनी इथंच राहू द्यावं म्हणून अर्ज केला होता. आत्याचा दमा ओळखून असलेले वैद्य इथं होते, आणि आईवडिलांच्या मागे मला या दोघांशिवाय कुणीच नव्हतं. एक दिवस चपराशी सांगून गेला, "मास्टर साब, सोमवार को इंदरगंज में आपकी पेशी है." हिंदीत पेशी म्हणजे साहेबापुढची सुनावणी. जन्म ग्वाल्हेरात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण तो शब्द कानावर पडला की त्यांना दुसरं काही सुचतच नसे. साहेबांना पेशी समजून घ्यायची आहे, असं त्यांनी धरूनच टाकलं. आत्यानं बजावलं, "एकच वाक्य बोला. बायकोला दमा आहे, इथंच ठेवा. बस." ते "हो, हो" म्हणाले आणि कपाटातून तक्ता काढला.

तक्ता धरायला मी बरोबर होतो. साहेबांनी विचारलं, "कुछ कहना है?"

"जी, ये रही पेशी!" म्हणत आतोबांनी तो टेबलावर उलगडला. "लकड़ी भक से जलती है, साहब. पेशी शक्कर को सीढ़ी-सीढ़ी उतारती है, हर सीढ़ी पर थोड़ी ताक़त निकाल लेती है. इसीलिए आप गरम हैं, राख नहीं!" साहेब खदाखदा हसले. शेजारच्या खोलीतली माणसंही ऐकायला आली. अर्धा तास नुसता रंगला, आणि दम्याचं वाक्य राहूनच गेलं. "ऐसा आदमी तो भोपाल में चाहिए," साहेब कौतुकानं म्हणाले आणि तिथल्या तिथे सही केली.

आत्या दोन दिवस आतोबांपुढे ताट आदळत राहिली. तिसऱ्या दिवशी सामान बांधताना मला हळूच म्हणाली, "समजावलं तर छानच असेल न त्यांनी?"

कॉलेज पुरं व्हायचं म्हणून मी ग्वाल्हेरातच मागे राहणार होतो. स्टेशनावर मला रडू आवरेना. आतोबांनी डब्यातून हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला. "असं एकदम नाही रे. पेशीसारखं. थोडं थोडं."

मी डोळे पुसले. गाडी हलली तसे आतोबाच एकदम, मोठ्यानं रडू लागले, आणि आत्या आपल्या पदरानं त्यांचं तोंड पुसत राहिली.